मेनबत्ती विझली नाय तिथंच चुकलं

मी मूळची इथलीच, नेरूळची. तुमी नेरूळ बोलता तवा तुमाला स्टेशन आठवतं, सेक्टर आठवतात, आमाला गाव आठवतं. बापसाची भातखाचरं पार खाडीपरेंत व्हती, मी परकरात असताना जमीन गेली, आनि तिच्यावर आता ज्या बिल्डिंगी हायत ना, त्यातल्याच बायकांची पोलकी मी शिवते, म्हंजे बगा, रान गेलं पन गिऱ्हाईक आलं. बापूस बोलला, पोरींनो आता शेत नाय, काय तरी हातात घ्या, तर थोरल्या बहिनीनं मासळीची पाटी उचलली आनि मी शिवनाचा क्लास लावला, कारन मला भांडता येत नाय आनि मासळी इकायची तर भांडता आलं पायजे. माज्या नवऱ्याला इचारा तुमी, तो बोलेल हिला भांडता येत नाय हे साफ खोटं हाय. ते सोडा.

लग्न पन गावातच झालं, दोन आळ्या सोडून. नवरा दत्ता, उरनला कंटेनरच्या यार्डात कामाला, सकाळी डबा घेऊन गेला का संध्याकाळी येनार, म्हनून दिवसभर घरात आमी दोगीच, मी आनि सासू. सासूला आमी आय बोलतो. काय सांगू तुमाला, पयल्या वर्साला ती माज्याशी चार शब्द बोलली असेल, त्यातले दोन भाकरी जाड झाली म्हनून. मंग एकदा दिवाळीच्या घाईत मी मशीनवर बसलेली, पोलक्यांचा हा ढीग पडलेला, तर तिनं काय न बोलता ढीग मांडीवर घेतला आनि हुक लावायला बसली. तिचा टाका असा बारीक, आतून बगा बाहेरून बगा, सारखाच. तवापासून मशीन माजी आनि हातशिलाई तिची. मंग जेन्टसचे शर्ट पन घ्यायला लागलो, कॉलरा उलटवायच्या, काजं करायची, बटनं लावायची, सगळं तिच्याकडं. सेक्टरमदल्या बायका बोलायच्या, कुसुमताई तुमचं फिनिशिंग भारी, मी बोलायची ते सासूचं हाय. ती आतून ऐकायची पन बाहेर यायची नाय.

पन आयचं खरं काम ते नाय. आय धवलारीन. तुमच्यात लग्नाला भटजी मंत्र बोलतो ना, तसं आमच्या आगऱ्यांत धवलारीन धवले गाते, देवांना बोलवायचा धवला येगळा, हळद दळायचा येगळा, नवरी निघायचा येगळा, आनि ते कुटं लिवलेलं नाय, सगळं तिच्या डोक्यात. तिला सही करता येत नाय, पन गावातली निम्मी लग्नं तिच्या तोंडून लागलेली हायत. गाताना ती डोळे मिटते. मला सांगायला लाज नाय वाटत, मी तवा नवरा-नवरीला बगतच नाय, तिलाच बगत बसते. घरात आमटीत मीठ जास्त म्हनून कुरकुरनारी बाई तितं केवडी मोठी दिसते.

मंग तो कोरोना आला. सगळं बंद, पोलकी कोन शिवनार, कुनाला कुटं जायचंय. सेक्टरमदल्या एका सोसायटीतनं फोन आला, कुसुमताई मास्क शिवाल का, मी बोल्ले शिवेन, चिंध्या भरपूर हायत. तर मास्कवरनं जी भांडनं लागली ती तुमी पन ऐकली असतील. सोसायटीच्या ग्रुपवर एक बोलायचा मास्क नसेल तर गेट उगडनार नाय, दुसरा बोलायचा मास्कनं ऑक्सिजन कमी होतो, आपलीच खराब हवा परत आत जाते, तिसरा बोलायचा कापडाचा काय उपेग, एवडासा तो विषानू, भोकातनं जाईल. आमच्या घरात पन तेच. दत्ता मास्क हनवटीला लावायचा, पोलीस दिसला का वर, पोलीस गेला का खाली. मी बोलायची कोरोना काय दाढीला होतो का रे. आय आमचं दोगांचं ऐकून घ्यायची आनि बोलायची, मला घालायचाच असेल तर सुनेच्या हातचा घालीन, दुसऱ्या कुनाचा नाय. हे मला एवडं गोड वाटलं ना, मी चार दिवस तिची कुरकुर मनावर घेतली नाय.

त्यातच मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. मास्क तोंडाला लावायचा, समोर मेनबत्ती पेटवायची आनि फुंकर मारायची, मेनबत्ती विझली तर मास्क बोगस, नाय विझली तर पक्का. मी लगेच करून बगितलं. माजा दोन पदरी सुती मास्क, एका फुंकरीत विझली. तीन पदर केले, ज्योत जरा हालली आनि विझली. आता बोला, लोकांना मी बोगस माल दिला का काय, माजं डोकंच फिरलं. मंग माज्या नजरंला कॅनव्हास पडला. शर्टाची कॉलर कडक रावी म्हनून आमी आत घालतो ते कापड, त्याला मागं गोंद असतो, इस्त्री फिरवली का चिकटून बसतं. दोन पदरांच्या मदी तो घातला, दाबून इस्त्री केली. अहो काय रुबाबदार मास्क झाला, सुरकुती नाय, बाक नीट. मेनबत्ती लावली, मी फुंकलं, ज्योत हालली नाय. दत्तानं पार गाल फुगवून फुंकलं, हालली नाय. दत्ता बोलला, कुसुम, तू आता कंपनी काढ.

तुमी लगेच समजला असाल, मी नाय समजले. मला वाटलं माज्यासारखा मास्क नवी मुंबईत कोन शिवत नाय. गावात वाटले, सोसायटीत दिले, आनि आयसाठी खास, तिच्या लुगड्याला मॅचिंग लाल, त्याला जरीचा काठ. कोनाच्या आयला असा मास्क नसेल.

वैशाखात चुलत दिराच्या पोरीचं लग्न निघालं. मानसं मोजकीच घ्यायची परवानगी, म्हनून घरच्याच अंगनात मांडव, आनि धवले गायला आय एकटी. दुपारचं ऊन, वर पत्रा. मी तिला बोल्ले मास्क काडायचा नाय, तुजं वय बग, ती बोलली तू शिवलाय ना, मंग कशाला काडीन. पयला धवला झाला, दुसरा झाला. मी बगत व्हते, तिचा मास्क आत ओढला जात व्हता, परत सुटत व्हता, मला वाटलं गाते म्हनून. तिसऱ्याला आवाज बारीक झाला, तिनं मांडवाच्या मेढीला हात लावला आनि ती खाली बसली, बसली ती कलंडली. मी धावले, मास्क काडला, पानी मारलं. होट काळेनिळे पडलेले. थोड्या टायमानं डोळे उगडले तर पयलं काय इचारलं असेल तिनं, धवला कुटं तुटला. उरलेला धवला तिनं बिनमास्कचा पुरा केला, भिंतीला टेकून.

संध्याकाळपरेंत गावभर झालं, मास्कनं हिराबाय, म्हंजे आमची आय, पडली. ज्यांना मास्क नकोच व्हता त्यांचं फावलं. बगा, आमी बोलत नव्हतो का, मास्कनंच मानूस मरतो, ही डोळ्यादेखत पडली. दत्ता पन तेच बोलला. आनि आय खाटेवर पडून छताकडं बगत व्हती, हो पन बोलली नाय आनि नाय पन बोलली नाय.

चार दिवसांनी सावंत मॅडम आल्या. त्या सेक्टरमदी रावतात, हॉस्पिटलात नर्स हायत, माज्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मी कौतुकानं मास्क दाखवला, मेनबत्तीचं सांगितलं. त्यांनी तोंडाला लावला, दोनदा श्वास घेतला आनि काडून माज्याकडं बगितलं. बोलल्या, कुसुमताई, यात आत काय आहे. मी बोल्ले कॅनव्हास. त्या बोलल्या, अहो, ज्यातनं हवाच जात नाही त्यानं मेणबत्ती कशी विझेल, आणि त्यातनं माणूस श्वास तरी कसा घेईल. साधा सुती मास्क घातल्यानं कुणाचा ऑक्सिजन कमी होत नाही, आम्ही बारा-बारा तास घालतो, पण तुम्ही तर तोंडाला कॉलर शिवली. त्या हसल्या, मी पन हसले, त्या गेल्या आनि मी मशीनवर डोकं टेकून बसले. आयला मी पाडलं व्हतं. मास्कनं नाय, माज्या हातानं.

आता खरं सांगते, लपवायचं काय. मी कुनाला बोल्ले नाय. घरोघरी गेले, नवीन डिझाईन आलंय ते घ्या, जुना द्या, असं बोलून ते सगळे मास्क परत आनले आनि चुलीत घातले. पन गावानं जो समज करून घेतला तो मी तसाच रावू दिला. माजं शिवन म्हंजे माजं नाव ताई, दुसरं काय हाय माज्याकडं.

आयला मी नवा शिवून दिला, साधा, दोन पदरी मलमल, फुंकर मारली का मेनबत्ती विझनार असा. तिनं हातात घेतला, उलटून बगितला आनि बाजूला ठेवला. बोलली मी आता मास्क घालनार नाय. मी बोल्ले अगं हा हलका हाय. नाय. दुकानातला आनते. नाय. दत्ता, जो सवता हनवटीला लावायचा, तो पन बोलला आय घाल, ती त्याला बोलली तू गप. रोज सकाळी मी तिच्या उशाला मास्क ठेवायची, रोज ती घडी करून माज्या मशीनवर आनून ठेवायची. लग्नं निघाली का ती बिनमास्कची जायची, तोंड उगडून गायची, आनि मी घरी बसून देवाला बोलायची, चूक माजी हाय, तिला काय करू नको. मला वाटायचं ती घाबरली, माज्यामुळं मास्कलाच घाबरली.

आनि तिला झाला. ताप, मंग खोकला, मंग ते ऑक्सिजन मोजायचं मशीन बोटाला लावलं तर आकडा खाली. हॉस्पिटलात नेली, ऑक्सिजन लावला, आमाला आत सोडत नव्हते. सावंत मॅडम त्यांच्या मोबाईलवरनं तोंड दाखवायच्या. तिच्या तोंडावर ती नळीवाली प्लास्टिकची टोपी आनि आय त्यातनं काय तरी बोलतेय, मॅडम बोलल्या, विचारतायत हुक लावून झाले का. आमी रडलो आनि हसलो पन.

पंध्रा दिवसांनी घरी आली, अर्धी झालेली. मी तिचे पाय चेपत व्हते, आनि मला रावलं नाय, सगळं सांगितलं, कॅनव्हास, मेनबत्ती, चूल, सगळं. तिनं ऐकून घेतलं आनि बोलली, मला ठाव हाय. मी बोल्ले काय ठाव हाय. ती बोलली, पडले त्या दिवशी तो मास्क माज्या उशाला व्हता, बोटांनी चाचपला, एवडी वर्सं तुज्या कॉलरा उलटवते, मला कॅनव्हास कळनार नाय का. एक टाका उसवला, बगितला, परत शिवून ठेवला.

मी बोल्ले, आय, मंग दुसरा का नाय घातलास. ती बोलली, दुसरा घालून नीट गायले असते तर गावानं इचारलं असतं, मंग पयल्यात काय खोट व्हती. मंग बोलले असते, कुसुमच्या शिवनातच खोट व्हती. बोलू दे लोकांना मास्कला. मास्कला काय, त्याला ना घर ना संसार.

ताई, लग्न होऊन एवडी वर्सं झाली, मी तिच्यावर कदी आवाज चडवला नव्हता, त्या दिवशी वरडले. तुजा जीव गेला असता म्हनून वरडले, माज्या पोलक्यांपाई तू मरायला निघालीस म्हनून वरडले. दत्ता बाहेरून धावत आला, त्याला वाटलं आमचं भांडन झालं. आनि मंग मी तिच्या पोटात तोंड खुपसून रडले, ती माज्या केसांतनं हात फिरवत बोलली, हळू, माजा दम अजून बसलेला नाय.

नंतर लसीच्या लायनीत गावातल्या सगळ्या बायका उभ्या व्हत्या, तितं मी सगळ्यांसमोर बोल्ले. मास्कनं नाय, माज्या कॅनव्हासनं आय पडली, तुमी मास्क घाला, साधा घाला, श्वास घेता येईल असा घाला. कोन हसली, कोन बोलली बाय माजी सांगितलंस ते बरं केलंस, दोगी-तिगींनी पोलकी दुसरीकडं टाकली ती टाकलीच. घरी आल्यावर आयनं दोन दिवस माज्याशी बोलनं सोडलं. बोलली, माजं केलेलं सगळं फुकट घालवलंस.

आता कोरोना पन जुना झाला. तरी कोन ना कोन इचारतं, कुसुमताई, मास्कचा खरंच उपेग व्हता का. मी शिवनारी बाई, डॉक्टर नाय. आयला तो लग्नातच झाला का दत्तानं यार्डातनं आनला, कोन सांगनार. सावंत मॅडमना मी इचारलं, त्या बोलल्या शंभर टक्के कुणी सांगत नाही, पण घातला असता तर बरं झालं असतं. ते बरं झालं असतं माज्या पोटात बसलंय, ते काय निघत नाय. मानूस आपलं नाव सांभाळायला गप बसतो आनि कोन दुसरंच त्याची भरपाई करतं.

आयचा दम तवापासून कमीच हाय. जिना चडताना मदी थांबते, आनि एक धवला एका दमात तिला होत नाय. म्हनून आता मी तिच्या बाजूला बसते. माजा आवाज काय तिच्यासारखा नाय, पन शब्द सगळे पाठ झाले, रोज हुक लावता लावता ती शिकवते, चुकलं का सुईचा मागचा भाग बोटाला टोचते. परवा एका हळदीला गेलो. नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचा धवला आला, आयुष्य मोठं होवो, घर भरलेलं रावो, दम कदी कमी पडू नये, असं हाय ते. तितं तिचा श्वास संपला, तिनं माज्या मांडीवर हात ठेवला, म्हंजे उचल. मी उचलला. नवरा-नवरी समोर पाटावर बसलेली, आनि मी गात व्हते ते आयच्या तोंडाकडं बगून. ती कुजबुजली, अगं तिकडं बग, आशीर्वाद त्यांचा हाय. मी नाय बगितलं.