लाल आणि निळा

लाल नि निळ्या ट्रॅक्टरच्या कंपन्या एक झाल्यात, हे आमच्या आप्पांना सांगू नका. मी एकदा सांगून बसलोय.

बेळगुंदीच्या चढाला आमचा लाल ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसकट मागं घसरायला लागलता. आप्पा ब्रेकवर उभे, मी चाकाखाली दगड लावतोय. शेजारचा मारुती निळा ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी काढली.

आप्पा म्हणाले, “निळ्यानं वढायचं न्हाय.”

दगड सरकत होता. मी म्हटलं, “आप्पा, आता दोन्हींचा मालक एकच हाय.”

मारुतीनं साखळी गुंडाळली. “माझा ट्रॅक्टर लालवाल्यांचा? मग वढा तुमचं तुम्ही.”

ट्रॉली करकरली.

आप्पा वरनं ओरडले, “मारुती, पोरगं खुळं हाय माझं. लाल त्यो लाल, निळा त्यो निळा. लाव साखळी.”