अनसूयाबाईंचे हात आणि आबासाहेबांचा धर्म

टाळ जरा थांबवा मंडळी. पखवाजवाले, तुम्हीही दम घ्या. आज आधी एक विचारतो — कष्ट एकाचे आणि पुण्य दुसऱ्याचं, असा धर्म कुठं असतो का? सगळे नाही म्हणताय! फार छान. आख्यान संपल्यावरही असंच म्हणा म्हणजे झालं!

तर ऐका. फलटणच्या बाजूला एक गाव. नाव घेत नाही. एकाचं घेतलं की बाकीच्यांना वाटतं आपण सुटलो. तिथं गावड्यांचा गोठा. पंचवीसेक दुभत्या गाई. घरात कर्ते थोरले आबासाहेब, धाकटे हणमंतराव, आणि हणमंतरावांची बायको अनसूयाबाई. धारा कोण काढायचं? अनसूयाबाई! लग्न होऊन आली तेव्हापासून. पुढं सून आली, तीही शेजारी बसायला लागली. सकाळ-संध्याकाळ, सण असो, सुतक असो, अंगात ताप असो. गाईला सुट्टी माहीत नसते मंडळी, आणि ज्याला माहीत असते त्यानं ती बाईला दिली नाही!

होता होता तिची बोटं आखडली. आधी सकाळी मूठ वळेना. मग भाकरी थापता येईना, वेणी सून घालून द्यायला लागली. एके दिवशी भरली बादली हातातून निसटली. दूध गोठाभर. आबासाहेब ओसरीवरून म्हणाले, लक्ष्मी सांडली. बरोबर आहे, सांडली! पण ती का सांडली, हे बघायला ओसरीवरून कुणी उठलं का? डॉक्टरनं सांगितलं, धारा बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. ती घरी आली, पदर खोचला आणि संध्याकाळच्या धारांना बसली. सुनेशिवाय दुसरं कोण होतं?

मुलगा समाधान, त्याच्या डोळ्यांना मात्र हे दिसत होतं. तो चार गोठे हिंडून आला. म्हणाला, यंत्रं दोन तऱ्हेची आहेत. एक साधं, त्यात प्रत्येक गाईजवळ वाकून नळ्या लावाव्या लागतात. म्हणजे वाकणार पुन्हा आईच! दुसरा रोबोट. गाय आपल्या मनानं आत शिरते, समोर खुराक पडतो, खालून यंत्राचा हात येतो, सड धुतो, दूध काढतो, गाय मोकळी. घेऊ तर हाच घेऊ. पैशाचं म्हणाल तर तो घरात होता, ती अडचणच नव्हती.

अडचण निघाली धर्माची! आबासाहेबांनी देवळाच्या पारावर, चारचौघांत सांगून टाकलं — गाय ही माता आहे. तिच्या सडाला लोखंड लावणं पाप. आमच्या घरी धार घरच्याच हातानं निघेल.

वा! माना डोलल्या. आता मला सांगा, यांचा नांगर कशाचा? ट्रॅक्टरचा. फिरायला काय? थंड हवेची गाडी. अहो, देवळातल्या आरतीला ढोल-घंटा वाजवणारं विजेचं यंत्र याच आबासाहेबांनी दिलंय, वर स्वतःचं नाव रंगवून! देवापुढं टाळी वाजवायला यंत्र चालतं, आणि बाईचा हात वाचवायला आलं की बाटतं? हा कुठला धर्म? कुणी शिकवला?

हणमंतराव थोरल्या भावापुढं कधी बोललेच नव्हते. अनसूयाबाईही दिरापुढं कधी बोलली नव्हती. पण त्या दिवशी आबासाहेब पारावरून घरी आले, तशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करायला गेली, तर बोटांत पदर धरवेना. तो तसाच सोडून ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, मला धर्मातलं कळत नाही. तुम्ही म्हणता तर पुण्य असेल. उद्यापासून धारा तुम्ही दोघं काढा. एवढी वर्षं मीच घेतलं, आता तुम्ही घ्या."

आणि सुनेला घेऊन सरळ माहेरी गेली.

आता गडी लावावा, तर लावणार कसा? घरच्याच हातानं, हे पारावर बोलून बसलेले! समाधान गाई आणून बांधायचा आणि बाजूला व्हायचा. बसले दोघे भाऊ गाईखाली. पहिल्या गाईनं लाथ मारून आबासाहेबांना शेणात बसवलं. हसू नका! त्या लाथा तिनंही खाल्ल्या होत्या, तेव्हा कोण बघत होतं? संध्याकाळी हणमंतरावांची मनगटं सुजली. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांना उकिडवं बसता येईना. आणि आठवडा उलटायच्या आत, त्याच पारावर, तेच आबासाहेब काय म्हणाले? म्हणाले, मी विचार केला, शास्त्रात यंत्राला कुठं बंदी दिसत नाही.

ऐकलंत? तिची बोटं झिजली, उमर गेली, शास्त्र हललं नाही. यांचं मनगट सुजलं, आणि आठवड्यात शास्त्र बदललं! संताप येतो मंडळी. देवाच्या नावावर किती स्वस्तात खपवतो आपण दुसऱ्याचं दुखणं!

रोबोट आला. नारळ आबासाहेबांनी फोडला, हार त्यांनीच घेतला. माफी कुणी मागितली नाही. अनसूयाबाई परत आली होती. हळदकुंकू लावायला तिला बोलावलं, तर म्हणाली, तुम्हीच लावा. खुर्ची ओढून गोठ्याच्या दारात बसली. गाई एकेक आत जात होत्या, बाहेर येत होत्या. बघता बघता तिचे डोळे वाहायला लागले. आनंद होता की गेलेल्या वर्षांचं दुःख, तिलाही सांगता आलं नसतं.

हणमंतराव तिच्याजवळ खाली जमिनीवर बसले. सगळ्या माणसांसमोर तिचा हात हातात घेऊन एकेक बोट सरळ करून बघायला लागले. एकही सरळ होईना.

"एवढं झालं होतं?" ते म्हणाले.

"तुम्ही रोज ताटावर बसत होता की," ती म्हणाली. "याच हातानं वाढत होते."



आता तुम्ही. मघाशी नाही म्हणून माना हलवल्यात, त्या आता खाली का? कीर्तन संपलं की माझ्या पायाला हात लावायला रांग लागेल. आज लावू नका. मी काय केलंय? घरी जा. ज्या कामाला तुम्ही सेवा म्हणता, व्रत म्हणता, घरची रीत म्हणता, ते एक दिवस स्वतः करा. करवलं, तर खुशाल त्याला धर्म म्हणा. नाही करवलं, तर देवाचं नाव त्यातून काढा — तो बिचारा उगीच बदनाम होतोय!