हिरवा कूलंट

"सून चांगली आहे, पण तिले काई समजत नाई वाटते. नुसती पाहत राह्यते," मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोनेटआडून ह्यांना सांगत होते. मी गाडीतच बसले होते.

मार्कंड्याच्या देवदर्शनाहून परतताना इंजिन तापलं, वाफा निघायला लागल्या. मामाजींनी रस्त्यावरच्या दुकानातून इंजिन थंड ठेवणारा हिरवा कूलंट आणला.

हे म्हणाले, "बाबा, आत तर लाल आहे नं?"

"म्हणूनच तापली! लाल गरम असते, हिरवा ठंडा."

खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळून मामाजींनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. माझे वडील माजरी गावात गाड्यांचे मेकॅनिक. मला राहवेना. मी खाली उतरले.

"मामाजी, आता झाकण उघडाल तर उकळतं पाणी अंगावर येईल. अन् लालमध्ये हिरवा टाकला तर आत गाळ होते. घंटाभर थांबा. तोवर समोर उसाचा रस घ्या, तोही हिरवाच आहे."