मेंदूतून सुटलेला हुकूम

वंध्यत्वतज्ज्ञ डॉक्टरांच्या दाराबाहेर आपली फाईल धरून बसलेल्या शिक्षिकेला मागच्या बाकावरच्या बहीण-भावाचं बोलणं ऐकू येत होतं.

"दादा, गर्भाशय ठणठणीत आहे म्हणे. मेंदूतून सुटणारं हार्मोनच कमी पडतंय."

"एवढंच ना? अगं, आमच्या मत्स्यबीज केंद्रात रोजचंच आहे हे. नदीतून टाकीत आणली की मादीच्या मेंदूतून हुकूमच सुटत नाही. पोट अंड्यांनी टम्म, पण घालेल तर शपथ!"

"मग काय करता?"

"त्याच हार्मोनच्या जातीची सुई टोचतो. दुसऱ्या दिवशी टाकीभर अंडी."

"मी काय मासा आहे?"

"लांबची भावकीच ती. मासा, बेडूक, पाखरू, माणूस, थोड्याफार फरकानं सगळ्यांच्या मेंदूत हेच हार्मोन. बरं, डॉक्टर काय म्हणाले?"

"औषध आहे म्हणाले."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?"

"सात वर्षं स्वतःलाच बोल लावत होते रे मी. आज पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला."

एवढ्यात शिक्षिकेचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि मागे वळली.

"माफ करा हं, दादा. सुईनंतर मासळी खरंच अंडी घालते?"

"बहुतेक वेळा घालते, ताई."

"तेवढं पुरे," म्हणत ती झपझप आत गेली.