चिठ्ठीवर लोखंड, गावात गोटा

पांढुर्ण्याला माझा डोळ्यांचा दवाखाना होता ना, तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतला झेंडा काढण्यासाठी पांढुर्णा अन् सावरगावची गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, व्हायची, की तिसऱ्या दिवशी माझ्याकडे जखमींची रांग. त्यात सावरगावचा एक गडी छाती फुगवून बसलेला.

"काय लागलं?"

"गोटा, डाक्टरसाहेब. पार झेंड्यापाशी होतो मी!"

गोट्यानं डोळा सुजतो, काळानिळा पडतो. याला सूज नव्हती. बुबुळावर फक्त टाचणीएवढं छिद्र. मी सोबत आलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"खोटं कायले बोलता?" ती त्याच्यावरच उखडली. "हे गोट्याले भेतात, साहेब. सारं गाव नदीवर, अन् हे विहिरीवर मोटारीचा गंजलेला नट छन्नीनं तोडून राहिले होते."

लगेच एक्स-रे काढला. डोळ्याच्या आत लोखंडाची कपची! गोटा समजून नुसते थेंब दिले असते, तर डोळा गेलाच होता. नागपूरला पाठवताना त्यानं माझा हात धरला.

"चिठ्ठीवर लोखंड लिहा, साहेब. पण गावात कोणी विचारलं, तर गोटाच सांगजा."

डोळा वाचला. दवाखाना सुटून वर्षं झाली. पण अजून सावरगावचं कोणी भेटलं, की मी गोटाच सांगतो.