पस्तीस हजार गेलेच नाहीत

पुरवणी जबाब
दिनांक १४ मे २०१९

मी, सुनिल गजानन सावे, वय ५१ वर्षे, धंदा – एका साप्ताहिकाची वार्ताहरकी, संस्कृतच्या शिकवण्या आणि तलासरीला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणे (हवालदार मॅडम म्हणाल्या, धंदा एकच सांगा, एकात भागत नाही म्हणून तिन्ही लिहिले आहेत), राहणार मसोली, ता. डहाणू, जि. पालघर. आज कोणी बोलावले नसताना ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की,

परवा १२ तारखेला मी याच ठाण्यात तक्रार दिली होती. शुक्रा लाहू वरठा, वय अंदाजे ३०, धंदा चारोटी नाक्यावर ताडगोळे विकणे, याने माझ्या घरात शिरून कपाटातील पत्र्याच्या डब्यातून पस्तीस हजार रुपये चोरले, असे मी त्यात सांगितले होते. त्यावरून तो परवापासून कोठडीत आहे. ती तक्रार खोटी आहे. खरी हकीकत पुढीलप्रमाणे.

सन २०१५ मध्ये स्कूटरच्या कर्जासाठी बँकेने मागितले म्हणून मी एकदाच आयकराचे विवरणपत्र भरले. त्यात देय कर शून्य होता. माझे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या मर्यादेच्या इतके खाली आहे की त्या मर्यादेकडे मान वर करूनच पाहावे लागते. मला आयकर लागत नाही, कधी लागलेला नाही. तरी त्यानंतर एसटीचा कंडक्टर, ग्रामसेवक, रस्त्याचा ठेकेदार अशा अनेकांना मी ‘करदात्याशी बोलताय’ असे सुनावले आहे. मॅडमनी विचारले की, मग हे खोटेच ना. मी म्हणालो, काडेपेटीवरचा कर मीही भरतो. काडेपेटी शुक्राही विकत घेतो, हे मी तेव्हा बोललो नाही.

तलासरीला जाता-येता मी चारोटीला गाडी बदलतो. शुक्राची टोपली तिथेच असते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नाक्यावर अफवा होती की ज्याचा टॅक्स नाही त्याचा धंदा उचलणार. शुक्राने मला विचारले, “गुरुजी, मना पन टॅक्स लागं का? नायतर ही जागा उचलतील.”

वीस लाखांच्या आतल्या उलाढालीला जीएसटीची नोंदणीही लागत नाही, हे मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात मी त्याची बातमी दिली होती. चहाच्या टपरीवर तेव्हा पाच-सहा जण बसले होते. मी शुक्राला सांगितले की, पूर्वी प्रजा राजाला उत्पन्नाचा सहावा वाटा देत असे. हे पवित्र कर्तव्य आहे. लोक हसले. शुक्रा हसला नाही. पुढच्या हंगामात त्याने सहा ताडगोळे सोलले, पाच गिऱ्हाइकाला दिले आणि सहावा माझ्यापुढे धरला. तो मी खाल्ला.

त्याआधी, २०१७ च्या त्या जुलैतच, त्याने मला शंभराची नोट देऊन, “तुमी भरता तिथं माझा बी भरा,” असे सांगितले. मी नोट घेतली. पुढच्या दोन हंगामांतही घेतली. तिन्ही नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी त्या डब्यात ठेवल्या. मी त्या खर्च केल्या नाहीत. हे माझ्या बाजूने लिहावे असे मी म्हणालो; मॅडम म्हणाल्या, लिहिते, पण बाजू कसली.

१२ तारखेला शुक्राचा मुलगा तापाने डहाणूच्या दवाखान्यात दाखल होता आणि औषध बाहेरून आणायचे होते. शुक्रा दुपारी माझ्या घरी आला. मी शिकवणीला गेलो होतो. दाराला नुसती कडी होती. ते पैसे कुठे ठेवतो हे मीच त्याला दाखवले होते. त्याने आपली पिशवी घेतली. डब्यात माझेही ऐंशी रुपये होते, ते तसेच आहेत.

बाहेर पडताना शेजारचे कोल्ड्रिंकवाले मनिषभाई यांनी त्याला धरले. मी पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. शुक्रा म्हणाला, “गुरुजी, सांगा यांना. माझेच हायेत, टॅक्सचे.” लोक हसले. मनिषभाई म्हणाले, “अरे गुरुजी, तुम्ही तर इन्कमटॅक्सवाले माणूस! बोला ना, केटला गेला? लाख तर असेलच.”

मी पस्तीस हजार म्हणालो. आगाऊ कर भरण्यासाठी बाजूला काढले होते, असेही म्हणालो. शुक्रा माझ्याकडे पाहत होता.

त्याच्या अंगावर तीनशेच रुपये मिळाले. उरलेल्या रकमेसाठी काल पंचांसमक्ष त्याच्या झोपडीची झडती झाली. मी हजर होतो. जमीन उकरली, चूलही उकरली.

आज सकाळी शुक्राची बायको नवशी माझ्या दारात आली. मला वाटले, शिव्या देईल. तशी तयारी मी केली होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचे पैसे घरात नाय गावले. मी रातभर टोपल्या झाडल्या, ताडाखाली बी बघून आले. तो कुठं टाकीत असंल तुमाला म्हायती का? सांगा, तिथं बी बघते.” मुलाचे विचारले तर म्हणाली, सलाईनची बाटली चालू आहे. मग मी चप्पल घातली आणि तिला बरोबर घेऊन इथे आलो.

शुक्राने माझे काहीही चोरलेले नाही. त्याने स्वतःचे पैसे घेतले. त्याच्यावर कोणताही कर देय नव्हता आणि नाही. जप्त केलेल्या तीन नोटा त्याच्या आहेत, त्या त्याला मिळाव्यात. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कलम १८२ लागू शकते, हे मला समजावून सांगितले आहे. समजले.

जबाब मला वाचून दाखवला. नंतर माझ्या विनंतीवरून तो कोठडीच्या दाराशी शुक्रा व नवशी यांना ऐकू जाईल असा पुन्हा वाचला. शुक्राने मान खाली घातली. खाली घालायची ती माझी होती. नवशीने मॅडमना विचारले, “टॅक्स नव्हताच, तं गुरुजींनी पैसं घेतलं कशाला?”

मॅडमनी पेन उचलून माझ्याकडे पाहिले. लिहून घेण्यासारखे मी काही सांगू शकलो नाही, म्हणून ती जागा कोरी सोडली आहे. बाकी सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही / सु. ग. सावे