शेवटच्या पानावरचं मत

वाचक मत देत नाय म्हणता? रोह्याच्या वाचनालयात मी काउंटरला बसायचो, तेव्हा पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने मत लिहून ठेवायचं. रहस्यकथेवर, "खुनी अर्ध्यातच कळतो." आत्मचरित्रावर, "स्वतःची आरती स्वतःच ओवाळली हाय." पाककृतींवर, "ह्या बाईने मासे कधी खाल्लेले दिसत नाय."

मी वैतागून पाटी लावली, 'पुस्तकांत लिहू नये.' चार दिवसांनी पाटीखाली त्याच अक्षरात, "छोटी हाय, पण रटाळ."

मग मी पाळत ठेवली. निघाल्या कोण, तर पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावाहून येणाऱ्या सुमनकाकू! कधी चकार शब्द न बोलणाऱ्या.

"काकू, तुम्ही?"

"अक्षर माझं, मतं ह्यांची. डोळे गेले ना त्यांचे. मी वाचून दाखवते, ते सांगतील ते लिहिते."

"आणि पाटी?"

"ती पण घरी जाऊन सांगितली."

त्या दिवशी मी पाटी काढून टाकली.

पुढे काका गेले. दोनेक महिन्यांनी काकू एक जाडजूड कादंबरी परत करायला आल्या. मी सवयीने शेवटचं पान उघडलं, तर कोरं. मीच पेन्सिल पुढे केली.

"काकू, आता तुमचं लिहा."

"माझं?" काकूंनी पेन्सिल घेतली. मग सावकाश लिहिलं,

"ह्यांना फार आवडली असती. मला नाय."